सहा जणांच्या मापाचा कोट

मित्रांनो, मी कोट आहे. एके काळी काळा होतो. आता माझा रंग कोणता म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. त्या वादात पडायचे बळ माझ्यात उरलेले नाही.

माझा जन्म रहिमतपुरात राजाराम शिंप्याच्या दुकानात झाला. जवळच्या एका लहानशा कॉलेजातून त्या वर्षी बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडायची होती. तुकडी म्हणजे मुले सहा. मुलाखतीला कोट लागतो असे त्यांना कुणीतरी सांगितले होते, आणि सहांत मिळून ऐपत एकाच कोटाची होती. मग सहाही जण दुकानात येऊन उभे राहिले. एक ताडमाड, एक ठेंगणा, एकाचे पोट सुटलेले. राजारामने सगळ्यांची मापे घेतली, डोके खाजवले आणि म्हणाला, "गड्यांनो, मी मधलं माप धरतो. कुनालाच लय वाईट दिसनार न्हाई." तसेच झाले. मी कुणालाच लय वाईट दिसलो नाही, आणि नीट कुणालाच बसलो नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. जिल्हा परिषदा नुकत्याच निघाल्या होत्या, शिकलेली माणसे हवी होती. त्या सहांतला हिंदुराव मला घालून साताऱ्याला गेला आणि कारकून झाला. त्याच्यामागून आणखी एक कोयनानगरला धरणाच्या भांडारात लागला. मग काय, मी गुणाचा ठरलो! कॉलेजच्या वसतिगृहात मला खुंटीवर मानाची जागा मिळाली. मुलाखतीला निघालेली मुले माझ्या बाहीला हात लावून तो कपाळाला टेकवीत. खरे सांगतो, मला चढले होते.

पुढे जागा भरल्या. कॉलेज मात्र दरसाल नवे बी.ए. काढीत राहिले. मी सातारा, सांगली, कराड, पाटण अशा फेऱ्या मारू लागलो. एस.टी.ची धूळ खायची, व्हरांड्यातल्या बाकावर ताटकळायचे आणि परत यायचे. सिद्धू कांबळे वर्गात पहिला आलेला. एका ठिकाणी त्याला आडनाव विचारले, गाव विचारले, आणि पुढचे काही विचारायचे राहूनच गेले. शेवटी टेबलामागून एकच शब्द यायचा, "कळवू." तो इतक्यांदा ऐकला, की साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला की मला आधीच समजायचे. मुलांनी तर त्याची थट्टाच करून टाकली होती. "काय झालं रं?" असे कुणी विचारले, की "कळवू झालं" म्हणायचे आणि हसायचे. माझ्या खुंटीवर आता ओले पंचे पडू लागले.

अशात माझी गाठ धुळाशी पडली. धुळा माण तालुक्यातल्या धनगरवाडीचा, बुटका आणि लाजरा. वाडीतला तो पहिलाच बी.ए. दिवाळी झाली की तिकडची मेंढरे चाऱ्यासाठी पश्चिमेला, पाटणच्या खोऱ्याकडे उतरतात. धुळाचा बाप आकाराम गुडघ्याने अधू झाला होता. एकट्याने कळप हाकणे आता त्याच्याच्याने होईना. म्हणून बापलेकांचे ठरले होते. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर मेंढरे विकायची आणि आईसकट तिघांनी नोकरीच्या गावी राहायचे. नाही लागली तर धुळाने काठी घ्यायची.

दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याच्या एका कचेरीतून त्याला बोलावणे आले. मला घेऊन तो आधी वाडीवर गेला. त्याची आई बाळाबाई हिने मला चाचपून पाहिले. "लोकरीचाच हाय की ह्यो! पर पार लोळागोळा केलाय पोरांनी," ती म्हणाली. आणि धुळा बाहेर गेलेला पाहून तिने, घोंगडीचे करतात तेच माझे केले. पाण्यात घालून मला दगडावर आपटले, पिळले, चिंचोक्याची खळ दिली आणि उन्हात टाकले. मित्रांनो, मी आटलो आणि कडक झालो. संध्याकाळी मला भुईवर ठेवले तर मी आपला आपण उभा!

धुळा आला तो मला बघून कपाळाला हात लावून बसला. "आये, ह्ये काय केलंस?"

"का? सायबाफुडं माजं प्वार ताठ दिसाय नगं व्हय?"

त्याने मला अंगात घातले, आणि काय सांगू, मी त्याला अगदी मापात बसलो. माझ्या जन्मात असे पहिल्यांदाच घडत होते.

मुलाखतीच्या खोलीत तीन साहेब होते. धुळा खुर्चीत बसला तेव्हा मी करकरलो. त्याची कोपरे वाकेनात. एक साहेब म्हणाला, "कोट आहे की पत्रा?" दुसरे दोघे हसले. धुळाला थाप मारता आली असती. तो म्हणाला, "आईनं खळ दिलीय साहेब. आमी घोंगडीला देतो." मग ते आणखीच हसले. मला लाज वाटली नाही, संताप आला. पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबर दिली. एकदा 'हाय' म्हणाला, तेव्हा "हाय नव्हे, आहे," असे त्याला सुधारण्यात आले. मग मधल्या साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. कळवू."

वसतिगृहात परतल्यावर मला कुणाच्याच अंगात घालता येईना. "ह्यो आता तुजाच रं धुळा," मुले म्हणाली. अशा रीतीने मी धनगरवाडीवर राहायला गेलो.

"काय म्हनलं सायेब?" आकारामाने दारातच विचारले.

"कळवू म्हनलं."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग थांबाया पायजे. शबुद दिलाय त्यांनी."

धनगरांत शब्द म्हणजे शब्दच असतो. एखादा शेतकरी 'खतासाठी मेंढरं माझ्याच रानात बसवा' म्हणाला, की दुसऱ्याने दुप्पट धान्य देऊ केले तरी कळप तिकडे वळत नाही. आईबापाच्या तोंडावरचा तो आनंद धुळाला मोडवेना. मी खुंटीवरून सगळे बघत होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

दिवाळी झाली. वाडीवरचे कळप एकेक करून निघून गेले. आकारामाचा कळप तेवढा माळावर राहिला. चारा संपला. मेंढरे सुकलेली खुरटी झुडपे चावू लागली. टपालवाला दिसला की बाळाबाई आडवी जाऊन विचारायची, "आवं, आमचं काय आलं का?" दोन कोकरे मेली. मग एके सकाळी तिसरे कोकरू मांडीवर घेऊन आकाराम म्हणाला, "आजून चार रोज बगू. सायेब लोक हायती, कामं असत्यात त्यास्नी."

धुळाला पुढे ऐकवेना. "आबा," तो म्हणाला, "कळवू म्हंजी न्हाई."

आकारामाला आधी समजलेच नाही. तो पोराकडे बघत राहिला. मांडीवरचे कोकरू खाली ठेवून मग म्हणाला, "मग न्हाई म्हनायला काय झालतं त्यास्नी?"

धुळा आत आला, त्याने मला अंगात घातले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याच दिवशी कळप पाटणच्या वाटेला लावला. उशीर झाला होता. पुढे गेलेल्या कळपांनी वाटेवरचा चारा संपवला होता, आणि दोन गाभण मेंढ्या वाटेतच बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. हल्ली मी घाटातल्या थंडीत धुळाच्या अंगावर असतो. वाटेत लोक त्याला कोटवाला धनगर म्हणतात. तो बी.ए. आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

मित्रांनो, मी थकलो आहे. मला जपा असे मी म्हणत नाही. पण तुमच्यातला कुणीतरी उद्या शिकून टेबलामागे बसेल, आणि समोर एखादा मुलगा अंग चोरून बसलेला असेल. त्याला घ्यायचे नसेल तर घेऊ नका. मात्र तसे त्याला तिथेच सांगा. त्याच्या घरची मेंढरे माळावर उपाशी उभी असतात.