ओलं सोवळं नेसलेली भिंत

"हळद घरूनच आणायची म्हणे. चमत्कार सामींचा आणि खर्च आमचा!"

वसंतामामी अगदी माझ्या कानाशी पुटपुटल्या. आसपासच्या तमिळ बायकांना कळू नये म्हणून मराठीत. मी हसून मागे पाहिलं, तशी त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "तू ऐकलंस का मा? ऐकलं तरी ऐकलं नाही असं कर."

त्यांच्या हातात पितळी वाटी होती, वाटीत कालवलेली हळद. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या हातात तशीच वाटी होती. मे महिन्यातला शुक्रवार, दुपार कलती झालेली, समुद्रावरून खारट गरम वारा सुटलेला, आणि छत्राच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. एरवी पाण्याच्या टँकरपाशी सुद्धा या गावात इतकी शिस्तीची रांग मी पाहिलेली नाही.

चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझी अजून ये-जा आहे, आणि असं गाव काही एकच नाही. मी राहते अंबत्तूरला. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात. मुलं परगावी गेली, स्वयंपाक दोन माणसांचा उरला, आणि मला जुन्या इमारतींचं वेड लागलं. हे मी कुठे शिकलेली नाही. मापाची टेप, टॉर्च, वाचनालयातली पुस्तकं आणि लोकांना भंडावून सोडणारे प्रश्न, एवढ्यावर माझं चालतं. गावातल्या सगळ्यात जुन्या इमारती कोणत्या, ते शोधायला मी सहा महिने तिथे जात होते. अम्मनचं लहानसं देऊळ, मिठाचं जुनं कोठार, आणि हे छत्र. छत्र म्हणजे धर्मशाळा. तंजावरच्या मराठ्यांच्या काळात कुणीतरी यात्रेकरूंसाठी बांधलेलं.

छत्राच्या मागच्या खोलीत सीतालक्ष्मी राहायच्या. त्यांच्या घराण्याकडे छत्राची देखरेख पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. त्यांची मराठी, वसंतामामींसारखीच, तंजावरची होती: शब्द आपल्या पणजीचे आणि हेल तमिळ. आदल्या आठवड्यात मी याच मागच्या भिंतीवर हळदीच्या पाण्याचे कापसाचे बोळे फिरवत होते. त्या पायरीवर बसून बघत होत्या.

"भिंतीला हळद कां लावतेस मा? लग्न ठरलंय का तिचं?"

"वय विचारत्ये तिचं."

"बाईमाणसाला वय विचारू नये," त्या म्हणाल्या, आणि मला ताक आणायला उठल्या.

हळदीनं वय कसं कळतं, ते पुढे येईलच. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की त्या दिवशी माझे सगळे बोळे पिवळेच राहिले होते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गावावर सावट होतं ते एका लहान मुलाच्या मरणाचं. वसंतामामींचा नातू कार्तिकेय. पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. सहा वर्षांचा होता. मी ज्याला त्याला विचारलं, "काय झालं होतं हो त्याला?" प्रत्येकाची नजर समुद्राकडे वळायची. मग उत्तर यायचं, "छत्रात खेळायचा तो." पुढे पुढे तर लोक छत्राकडे पाठ करून चालायला लागले. सीतालक्ष्मींना दूध घालणारा यायचा थांबला. त्यांच्या दारासमोरची रांगोळी रोज सकाळी कुणीतरी पायानं पुसून जायचं.

आणि सामी होते, म्हणजे बुवा. पोंगलच्या आधीच गावात प्रकटलेले. ताप, खोकला, अडलेलं लग्न, बंद पडलेली मोटरसायकल, सगळ्यावर एकच विभूती. उतरले होते शेजारच्या रिसॉर्टच्या पाहुणेघरात. त्या रिसॉर्टचं कुंपण छत्राला येऊन भिडलं होतं आणि सीतालक्ष्मी हलल्याशिवाय ते पुढे सरकणार नव्हतं. विरागी माणसाला वातानुकूलित खोली कोण देतं आणि का, हा प्रश्न मला पडला होता. गावाला पडला नव्हता, किंवा पडला तरी त्यांनी तो उचलला नव्हता.

तर त्या शुक्रवारी सामी भिंतीसमोर उभे राहिले. भिंतीला सकाळपासून लांबलचक पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, गुंडाळलेली, आणि चेले तिच्यावर सारखं पाणी मारत होते. भिंतीलाही ओलं सोवळं!

"दगड झोपतो!" सामी तमिळमध्ये गरजले. "वीट झोपते! पण हजार वर्षांची ही भिंत झोपत नाही. तिनं सगळं पाहिलंय. मी कोण? मी कुणी नाही. मी नुसता तिचा टेलिफोन!"

हजार वर्षं! मी विटा मोजल्या होत्या. फार तर दोनशे. पण टेलिफोनला मध्येच कोण टोकणार?

"ज्या हातानं लेकराचा जीव घेतला, तो हात ही भिंत ओळखेल. निर्दोष हाताची हळद हळदच राहील. पापी हाताचं..." सामी थांबले. पुढचं त्यांनी उच्चारलं नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ओली वेष्टी सोडली. भिंत भिजून राखाडी दिसत होती. घरागणिक एक थोरली बाई पुढे यायची, तळवा हळदीत बुडवायची, आणि सामी चांदीच्या काठीनं दाखवतील त्या जागी टेकवायची. पिवळा. पिवळा. पुन्हा पिवळा. प्रत्येक ठशाला गर्दीतून सुटकेचा श्वास यायचा. वसंतामामींचाही पिवळा उमटला. त्यांनी डोळे पुसले. त्यांचे यजमान व्यासराज शेजारीच उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, शिकलेले, गावात शब्दाला वजन. त्यांनी सामींना हात जोडले. त्यांची सून रंजनी, कार्तिकेयची आई, खांबाला टेकून उभी होती. पोर गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती.

शेवटी सीतालक्ष्मी. त्या येत नव्हत्या. दोन बायकांनी दंड धरून आणलं.

"नवरा गेल्यापासून हळदीत हात घातला नाही मी," त्या हळूच म्हणाल्या. "आज कां घालायला लावता?"

कुणीतरी त्यांचा हात धरून वाटीत दाबला. काठीनं भिंतीच्या कोपऱ्याकडची जागा दाखवली. तळवा टेकला.

पिवळा होता, आणि बघता बघता तांबडा झाला. बोटांच्या कडांपासून आत, जखम फुटावी तसा. भिंतीवर रक्ताचा पंजा.

  आयांनी पोरं पाठीमागे ओढली. गर्दी एक पाऊल मागे सरकली आणि सीतालक्ष्मी एकट्या उरल्या, लाल हात अंगापासून लांब धरून, पातळाला लागू नये म्हणून. मग दोन तरुण त्यांच्या खोलीकडे गेले. एकाच्या हातात पहार होती. आतून पत्र्याची पेटी फरफटत बाहेर आली.

"सीताक्का," व्यासराज खाली बघत म्हणाले, "सूर्य मावळायच्या आत निघा. नंतर या लोकांना मी थांबवू शकणार नाही."

"तो पोरगा माझ्या मांडीवर झोपायचा, व्यासराज. तू येऊन उचलून न्यायचास."



मी भिंतीकडे बघत होते. खरं सांगायचं तर माणसांकडे बघायची भीती वाटत होती म्हणून. वाऱ्यानं भिंत वाळायला लागली होती. आणि वाळता वाळता, लाल पंज्याभोवती एक चौकोन उमटत होता. पांढरा. बाकी भिंत जुन्या दातांसारखी पिवळट, आणि हा चौकोन नव्या कपासारखा. ओला चुना पांढरा दिसत नाही, वाळल्यावर दिसतो. आदल्या आठवड्यात मी तिथेच बोळा फिरवला होता. तेव्हा तिथे नवा चुना नव्हता.

 मी पुढे झाले. "सामी, मीही हात लावू का?"

"परक्या बाईशी भिंत बोलत नाही."

"बरं. मग सीताक्का, तुम्हीच पुन्हा लावा. इथे, मामींच्या ठशाच्या बाजूला." मी त्यांचा हात पदरानं पुसला, पुन्हा हळदीत बुडवला आणि टेकवला.

सगळे बघत राहिले. पिवळा. पिवळाच राहिला.

"एकदा बोललेली भिंत पुन्हा बोलत नाही!" सामी घाईघाईनं म्हणाले.

"मग घाबरायचं कारणच नाही. वसंतामामी, इकडे या. तुम्ही या पांढऱ्या चौकोनात हात लावा."

"मी कां मा?" त्यांचा चेहरा उतरला. पण सीतालक्ष्मी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या दोघी लहानपणी एकत्र सागरगोटे खेळलेल्या. मामी आल्या. हळद घेतली. डोळे मिटून हात टेकवला.

लाल.

गर्दी आता मामींपासून मागे सरकली. व्यासराजांच्या तोंडातून विचित्र आवाज निघाला. मामींनी तळवा नाकाशी नेला. हुंगला. बोटावर बोट चोळलं. आणि त्यांच्या कपाळावरची आठी बदलली. भीतीची होती, ती स्वयंपाकघरातली झाली.

"सुण्णाम्बु!" त्या तमिळमध्ये ओरडल्या. "चुना आहे हा! अगं, हे तर आरतीचं पाणी!"

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. इकडे नवरा-नवरी दारात आली, बाळंतीण घरी आली, की ताटात लाल पाणी घेऊन ओवाळतात. ते लाल कशानं होतं? पाण्यात हळद आणि नखभर चुना. त्या अंगणात अशी एक बाई नव्हती जिनं ते पाणी जन्मात केलं नव्हतं. ताटातल्या त्या पाण्याला कुणी रक्त म्हणत नाही. भिंतीवर दिसलं, आणि मंत्र म्हणणारा माणूस शेजारी उभा असला, की आपलंच रोजचं काम आपल्याला ओळखू येत नाही.

"ताजा चुना हळदीला लाल करतो," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. "जुना चुना हवा खाऊन थंड झालेला असतो, तो करत नाही. अंबत्तूरला घराला चुना दिला होता, हळदीचा हात भिंतीला पुसला, तेव्हा मला हे कळलं. तेव्हापासून जुन्या भिंतींवर मी हळद फिरवते. लाल झाली तर डागडुजी नवी, पिवळी राहिली तर काम जुनं. ही सगळी भिंत जुनी आहे. हा एक चौकोन आजचा. ओल्या कापडाखाली झाकला कारण वाळला असता तर तुम्हाला दिसला असता. बाकी कुणालाही इथे हात लावायला सांगितलं असतं तर तोच पापी ठरला असता."

सामींच्या गळ्यातल्या हारातलं एक लिंबू मी तोडलं. ते इतके गोंधळले होते की त्यांनी तोडू दिलं. वाटीच्या पितळी काठावर चिरून लाल पंज्यावर पिळलं. जिथे रस ओघळला तिथे रक्ताचं पुन्हा हळदीचं पाणी झालं.

"अय्यो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि कुणीतरी फस्सकन हसलं. सामींचा टेलिफोन तेव्हाच कट झाला. "कलियुग! अविश्वास!" असं काहीबाही म्हणत ते कुंपणाच्या फटीतून रिसॉर्टात शिरले. चेले पाण्याच्या बादलीमागे झाकून ठेवलेली दुसरी बादली विसरले. बादलीच्या तळाशी दाट पांढरा गाळ होता. लोकांनी बोटं घालून तो बघितला, आणि ज्यानं त्यानं नंतर बोट वेष्टीला पुसलं.

मला वाटलं, संपलं. तरुणांनी पत्र्याची पेटी उचलून परत आत ठेवली. पण जायला कुणी हलेना. पहार भिंतीला टेकवून तो पोरगा उभाच होता, आणि त्याच्या तोंडून ते निघालं.

"मग कार्तिकेयला खाल्लं कुणी?"

पुन्हा सगळ्या नजरा समुद्राकडे. या वेळी मी त्या वळताना पाहिल्या. एकाच वेळी, सवयीनं वळल्या.

"देवाची इच्छा," व्यासराज म्हणाले.

"नाही, मामंजी."

आवाज खांबाकडून आला. रंजनी. इतके महिने न वापरल्यानं तो आवाज खरखरत होता. ती पुढे आली, अंगणाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी.

"त्याला ताप होता. अंगावर लाल ठिपके आले होते. छत्रात नाही, घरात, माझ्या कुशीत. मी म्हटलं रिक्षा बोलवा. तुम्ही म्हणालात सामींनी विभूती दिलीये, धीर धर. सासूबाई म्हणाल्या धीर धर. शेजारणी आल्या, त्या सगळ्या म्हणाल्या धीर धर." ती एकेकीकडे बघत होती. एकीनंही नजर दिली नाही. "मला पाय होते. मी उचलून नेऊ शकले असते. मी धीर धरला."

वसंतामामींनी लाल तळव्यानं तोंड झाकलं. सीतालक्ष्मी चालत रंजनीपाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला.

रंजनीनं पदरानं चेहरा पुसला. मग शाळेत पोरांना शिकवावं तसं, सावकाश, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"त्याला कुणी खाल्लं नाही. ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायचं असतं. आपण नेलं नाही."