कुरवांची जोडी आणि एकवीस शून्यं

येलहंक्याच्या वस्तीमागं एक तळं आहे. दर हिवाळ्यात तिथं चाळीस-पन्नास कुरव उतरतात आणि एप्रिल उजाडला की हिमालय ओलांडून पलीकडं जातात. मधल्या काळात हे पांढरे पाणपक्षी काय करतात याची पंचाईत साऱ्या वस्तीत दोघांनाच होती. एक भीमाचार्य, ते गेल्या श्रावणात वारले. दुसरे विश्वासराव लाड, ते मागं राहिले.

विश्वासरावांची हयात चिकपेटेच्या बाजारात साड्या विकण्यात गेली. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात आलेलं, त्यामुळं घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि एक कुठं संपून दुसरी कुठं सुरू होते ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. रंग मात्र त्यांना अचूक सांगता येई. काठ मोरपंखी आहे की नुसताच निळा, हे ते गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच सांगत. दुकान सुटलं तरी नजर सुटली नव्हती.

त्या नजरेनंच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घोटाळा केला. हिवाळाभर पांढरी असणारी कुरवांची डोकी वीण जवळ आली की गडद होतात. तळ्यातल्या एका खडकावर दोन कुरव शेजारी शेजारी बसले होते, आणि एकाचं डोकं दालचिनीच्या रंगाचं होतं, तर दुसऱ्याचं काफीपुडीच्या, म्हणजे कॉफीच्या भुकटीच्या. विश्वासरावांनी दुर्बीण पुसली, पुन्हा लावली. फरक तसाच. दालचिनीवाल्याचा डोळा फिका, काफीवाल्याचा काळाभोर. काफीवाला जरा लहानही होता. मग दोघं उडाले तेव्हा एकाच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले, आणि दुसऱ्याच्या पंखाची पुढची कडच पांढरी दिसली.

पुस्तकात पहिल्याला तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात आणि दुसऱ्याला काळ्या डोक्याचा. ही नावं ठेवणारा माणूस चिकपेटेत एक दिवस टिकला नसता, कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं मुळी काळं नसतंच. पण ते असो. या तळ्यावर आजवर फक्त तपकिरी डोक्याचेच येत, आणि आता तपकिरी डोक्याचा एक नर परक्या जातीच्या मादीच्या मागं लागला होता.

पुढचे अठरा दिवस विश्वासराव सकाळचा नाश्ता बांधावरच करू लागले. दोघं पक्षी माना उंचावून ओरडत, आणि मग एकदम, ठरवून केल्यासारखं, एकमेकांकडून तोंड फिरवत. माणसांत तोंड फिरवलं की सोयरीक मोडते, कुरवांत जुळते. गडद तोंड समोर आणणं ही त्यांच्यात भांडणाची भाषा, ते बाजूला वळवून पांढरी मान दाखवली की समोरच्याला धीर येतो. मग लहानखुरी मादी मान आखडून, चोच वर करून मागणं मागे, आणि नर गिळलेला मासा ओकून तिच्यापुढं टाके. शेवटच्या आठवड्यात तो दोनदा तिच्या पाठीवर चढलाही. विश्वासरावांनी वेळ लिहिली, वारा लिहिला, आणि मोबाइल दुर्बिणीला टेकवून धुरकट फोटो काढले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो सांगायला शेजारच्या दगडावर कुणी नव्हतं.

पक्षिमंडळाच्या साइटवर टाकलेले ते फोटो पाहून रविवारी मैत्रेयी आली. ती मूळची पुण्याची, पोटासाठी आयटीत, आणि हौसेखातर पक्षिमंडळाच्या अवघड नोंदी तपासणारी.

"काका, तुम्ही मराठी? प्रोफाइलवरून वाटलं नव्हतं."

"मग काय तर, अक्का. स्वल्प इकडं सरका, तिथं मुंग्या हायत."

सत्तरीतल्या माणसानं अक्का म्हटल्यावर तिला हसू आलं. त्यांनाही काका ऐकायची सवय नव्हती, येलहंक्यात ते सगळ्यांचे अण्णा. दोघंही मराठीच बोलत होते आणि दोघांनाही समोरचं मराठी जरा गमतीचं वाटत होतं. तासाभरात जोडीनं तोंडं फिरवली, मासा मागितला, दिला. मैत्रेयीनं मोठ्या लेन्सनं सगळं टिपलं.

"मिक्स्ड पेअरच आहे, डाउट नाही," ती म्हणाली. "आता तिकडे वर जाऊन ह्यांची अंडी होतात का, पिल्लं निघतात का, ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण काका, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव ह्या तळ्यावर पहिल्यांदाच दिसलाय. आणि पहिल्यांदाच, हे आपण कशावरून म्हणणार? तुम्ही आणि आचार्यांनी मंडळाला दिलेल्या एकवीस वर्षांच्या काउंटवरून. दरवर्षी त्याच्यापुढे तुम्ही शून्य टाकलंय. इतका सलग डेटा कुणाकडे नाही. मंडळाच्या ह्या वर्षीच्या पुस्तिकेत तो पूर्ण तक्ता छापू. दोघांच्या नावानं."

"आचार्यांचं नाव पहिलं घाला," विश्वासराव म्हणाले. भीमाचार्यांना मूलबाळ नव्हतं, शिकवलेले विद्यार्थी परदेशात पांगले होते, आणि त्यांचं नाव छापून यावं असं आयुष्यात दुसरं काही उरलेलं नव्हतं.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "काका, एक फॉरमॅलिटी. आधीच्या काउंटमध्ये दरवेळी सगळ्या कुरवांचे पंख किंवा डोळे नीट पाहिले होते ना? हो म्हणालात की आजच फायनल करते."

विश्वासरावांनी चहा खाली ठेवला. प्रश्न साधा होता आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं.

गणती जानेवारीत होई. भीमाचार्यांना साडेसातला सोवळ्यात पूजेला बसायचं असे, म्हणून दोघं उजाडतानाच बांधावर जात आणि सातला तळं सोडत. कुरव त्या वेळी पाण्यावर गठ्ठा करून बसलेले असत. ते उठत ऊन चढल्यावर, म्हणजे आचार्यांची घंटा वाजू लागल्यावर. बांध पश्चिमेला, सूर्य समोरून डोळ्यांत. जानेवारीत दोन्ही जातींची डोकी पांढरीच. आचार्य हात लांब करून मूठ धरत, एका मुठीमागं झाकले जातील ते दहा पक्षी, आणि आकडा कन्नडमध्ये मोठ्यानं सांगत. विश्वासराव तो तपकिरीच्या रकान्यात लिहीत. काळ्याच्या रकान्यात मात्र आचार्य स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं शून्य काढत.

पहिल्या वर्षी विश्वासरावांनी तो रकाना रिकामा सोडला होता. आचार्यांनी वही ओढून घेतली. "रिकामं म्हणजे आपण पाहिलं नाही," ते म्हणाले होते. "शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो, ठाऊक नसेल तर जागा सोडा." आणि त्यांनी पूर्ण विश्वासानं शून्य काढलं होतं, कारण इथं फक्त तपकिरी डोक्याचेच येतात हे दोघांनाही ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं, ते मात्र दोघांनाही आठवत नव्हतं.

एकवीस वर्षांत त्यांनी एकदाही कुरवाचा पंख पाहिला नव्हता.

सकवारबाई भाजी निवडत होत्या. नवऱ्यानं दोन वेळा चष्मा काढून पुन्हा घातला, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि विश्वासरावांनी सगळं सांगितलं.

"हो म्हटलं तर कोन बघायला येतंय," ते म्हणाले. "न्हाई म्हटलं तर आचार्यांची एकवीस वर्षं पाण्यात. मानूस गेल्यावर त्याला निष्काळजी म्हनायचं?"

"तुमी पंख पाह्यले का, येवढंच विचारलंय तिनं," सकवारबाई म्हणाल्या. "आचार्यांना निष्काळजी कोन म्हंतंय?"

"आर्थ तोच होतो."

"सरी, आसू दे. मग आचार्यांना विचारलं असतं तर काय बोलले असते?"

आचार्य काय बोलले असते हे विश्वासरावांना चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना आचार्यांचा राग आला. स्वतः सुटून गेले आणि हे विश्वासरावांच्या गळ्यात घालून गेले. रागाच्या मागोमाग त्या ओढून घेतलेल्या वहीची आठवण आली.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी उत्तर लिहिलं. "पंख पाहिले नाहीत. डोळेही नाहीत. ऊन तोंडावर होतं. ती शून्यं काढून टाका, जागा रिकाम्या ठेवा. चूक दोघांची आहे, पण वही माझ्याकडं होती."

मैत्रेयीचा फोन लगेच आला. तिनं समजावून पाहिलं, पण ते हटले नाहीत. "मग तक्ता नाही छापता येणार, काका. जोडीची नोंद जाईल, पण पहिली वगैरे नाही, आणि फक्त तुमच्या नावानं. आचार्य तेव्हा नव्हते ना."

"सरी," विश्वासराव म्हणाले.

शाई खोडता येत नव्हती. त्यांनी वही उघडली आणि निळ्या शून्यांशेजारी, एकेका वर्षापुढं, पेन्सिलीनं 'पाहिलं नाही' असं लिहिलं. एकवीस वेळा. प्रत्येक ठिकाणी खाली स्वतःची एकट्याची सही केली, आचार्यांचं नाव कुठंच घातलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तळं मोकळं होतं. खडकावर एक बगळा बसला होता. विश्वासराव गणतीतल्यासारखे सातला तळं सोडून निघाले नाहीत, ऊन चढेपर्यंत थांबले, आकाशही पाहून घेतलं, आणि मग कुरवांच्या दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं.

जोडीच्या नोंदीच्या कागदावर शेवटचा एक रकाना उरला होता, पिल्लांचा. कुरव इकडं घरटी करत नाहीत, म्हणून तिथं डोळे मिटून शून्य घालायची मंडळाची पद्धत होती. विश्वासरावांनी पेन टेकवलं. मग उचललं, टोपण लावलं, आणि ती जागा रिकामी सोडली.