भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

ऑपरेशन होऊन शेवंती घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीवर परतली, तेव्हा जखमेची पट्टी बदलायला घरात मुलगी रत्नप्रभाच होती. नवरा गिरणीच्या संपात झुरून आधीच गेलेला. शेवंती खानावळ चालवायची. संपात घरी बसलेले कोकणातले गडी तिच्याकडे दोन्ही वेळा जेवायला यायचे. रत्ना मुलुंडच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढायची. तिच्याबरोबर शिकलेले दोघं-तिघं परदेशात जाऊन आले होते. हिचं चित्र एखाद्या समूहप्रदर्शनात लागलंच, तर दाराआड नाहीतर जिन्याखाली.

एकदा पट्टी बदलताना तिनं विचारलं, "आई, तुला अशीच काढू?"

शेवंतीनं पदर सावरला. मग म्हणाली, "काढ. पण कोणाक दाखवचा नाय. ह्या घराभायर जाता नये."

"नाही जाणार."

रत्नानं चित्र मोठ्या कॅनव्हासवर केलं. कमरेपर्यंत उघडी शेवंती, एका बाजूला ओघळलेला स्तन, दुसऱ्या बाजूला टाक्यांची वाकडी शिवण, आणि चेहरा अगदी जसाच्या तसा. शेवंतीनं ते एकदाच पाहिलं. तेव्हापासून ते कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

त्या पावसाळ्यानंतर शुभा कामत घाटकोपरला आली. तरुण चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आधी मुंबईत, मग दिल्लीत, मग लंडनला. निवड शुभाच्या हातात होती. रत्नानं खाटेवर, मोरीच्या कठड्यावर, जागा मिळेल तिथे चित्रं मांडून ठेवली होती: टेकडीवरच्या झोपड्या, पाण्याच्या टाक्या, विक्रोळीची धुराडी. शुभानं त्यांवरून भराभर नजर फिरवली. मग कपाटामागे हात घालून तिनं तो कॅनव्हास स्वतःच फिरवला.

शेवंती स्टोव्हपाशी पाहुणीसाठी चहा करत होती. तिची पाठ इकडे होती.

"हे मला हवं," शुभा इंग्रजीत म्हणाली.

"ते दाखवायचं नाहीये," रत्नाही इंग्रजीतच बोलली.

"मग तुझ्याकडे मला नेण्यासारखं काही नाही. बाकीचं सगळेच काढतात. मला अंधेरीला आणखी एकाकडे जायचंय, पटकन सांग."

शेवंती कपबशी घेऊन वळायच्या आत शुभानं कॅनव्हास परत भिंतीकडे फिरवला. रत्ना म्हणाली, "न्या." तेही इंग्रजीत. शेवंतीनं चहाबरोबर खोबऱ्याची वडी पुढे केली आणि पाहुणीला घरी कोणकोण असतं ते विचारलं.

टेम्पो आला तेव्हा शेवंती बाजारात गेली होती. पाण्याच्या टाक्यांचं चित्र नेलं, असं रत्नानं सांगितलं, आणि टाक्यांचं चित्र शाळेत नेऊन ठेवलं.

उद्घाटनाला समोरची सबंध भिंत तिच्या एकट्या चित्राला होती. लोक येत, त्याच्यापुढे थबकत, आवाज खाली करत. ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती ते हात मिळवायला पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदाच रत्नाला आपण इथले आहोत असं वाटलं. एका पत्रकारानं विचारलं, "या तुमच्या आई? आल्यात का?"

"ती आता नाही," रत्ना म्हणाली. तोंडातून ते इतकं सहज निघालं की तिलाच नवल वाटलं. पत्रकारानं मान खाली घातली. रत्नालाही डोळ्यांत पाणी आणणं जड गेलं नाही.

रविवारच्या पुरवणीत चित्राचा फोटो छापून आला. शेवंतीला वाचता येत नव्हतं. जेवायला येणाऱ्या लवूनं मजकूर वाचून दाखवला, दिवंगत आईला मुलीनं वाहिलेली श्रद्धांजली वगैरे, आणि वाचता वाचता तो चाचरला. दुसऱ्या दिवशी गडी ताटावरून मान वर करीनात. ज्यांनी केली त्यांची नजर तिच्या पदरावर जाऊन थांबली. चाळीच्या संडासाच्या दारावर कुणीतरी तो फोटो चिकटवला आणि खाली काहीबाही लिहिलं. शेवंतीनं तो नखांनी खरवडून काढला. चेहऱ्याचा भाग मात्र निघाला नाही.

"गो रत्ना, मी मेलंय काय?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"पेपरवाले काहीही छापतात."

"माका थय घेवन चल."

"प्रदर्शन संपलं ते."

संपलं नव्हतं. दोन दिवसांनी शेवंती लग्नातली साडी नेसून लवूबरोबर गेली. रत्ना तिथेच होती, शुभाबरोबर, लंडनहून आलेल्या पाहुण्याला चित्र समजावून सांगत. शुभानं शेवंतीला ओळखलं आणि ती खुललीच. "अरे, या तर आहेत! रत्ना, तू तर म्हणालीस, त्या गेल्या... असू दे. बाई, चित्राशेजारी उभ्या राहा, एक फोटो काढू."

शेवंतीनं भिंतभर पसरलेल्या स्वतःकडे पाहिलं. मग मुलीकडे. रत्ना पाहुण्याकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही.

"मी नाय ती," शेवंती म्हणाली. "मी हिच्याकडे जेवण करतंय. हिची आवस मेली."

ती लवूबरोबर निघून गेली. पाहुण्यानं विचारलं, कोण होती? "घरची बाई," रत्ना म्हणाली.

रत्ना लंडनला जाऊन आली. चित्र तिकडच्याच एका संग्रहालयानं घेतलं. भटवाडीत तिचे कपडे आणि ब्रश शेवंतीनं लवूच्या खोलीत बांधून ठेवलेले होते. ते उचलून तिनं अंधेरीला भाड्यानं खोली घेतली. पुढच्या वर्षी प्रदर्शनांची बोलावणी आली, पण सगळ्यांना तसंच काहीतरी हवं होतं. तिनं आठवणीतून ते शरीर पुन्हा पुन्हा काढलं. प्रत्येक वेळी ते जास्त गुळगुळीत होत गेलं. शुभा नव्या प्रदर्शनासाठी आली तेव्हा म्हणाली, "हे तू बघून काढलेलं नाहीस." आणि दुसरी नावं घेऊन गेली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लवू शाळेत आला. दुखणं दुसऱ्या बाजूला उलटलं होतं. शेवंती इस्पितळात होती.

रत्ना लगेच गेली. खाट खिडकीजवळ होती, उजेड बाजूनं पडत होता, आणि गळ्याच्या शिरेखाली किती करडा रंग लागेल हे तिच्या डोळ्यांनी तिच्याही आधी ठरवून टाकलं. शेवंतीनं ती नजर ओळखली. तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

वॉर्डात पंखे बंद होते, ती घामानं निथळत होती. नर्सनं दोनदा चादर खाली केली. दोन्ही वेळा तिनं ती परत वर घेतली, आणि रत्ना उठून जाईपर्यंत मुठीत धरून ठेवली.