बयाबाई, पान तीन, रकाना दुसरा

…गंज टाचणीच्या डोक्याला नव्हता, टोकाला होता. म्हणजे हिनं आधी कुठला तरी ओला कागद टोचून धरला असणार, असं बाबालालला वाटलं, आणि मग वाटतच राहिलं, की हे टोक कोरड्या कागदाला लावावं की नाही. समोरच्या चिठ्ठीवर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहून झालं होतं — ‘बयाबाई, हातकणंगले. मयत. पान ३, रकाना २.’ टाचणी टोचली की ती ‘ब’च्या पेटीत जाणार, आणि पेटीत गेलेला माणूस खरा, असं वाचनालयाचे चिटणीस गणपतराव म्हणत.

गणपतराव नियमांवर जगणारे गृहस्थ. ‘रंकाळा-लहरी’ साप्ताहिक बंद पडलं तेव्हा त्याचे बांधीव खंड त्यांनी वाचनालयात आणले, आणि गावाचा इतिहास वाळवीच्या आधी माणसांच्या हाती लागावा म्हणून प्रत्येक नावाची सूची करायचं ठरवलं. काम बाबालालला दिलं, कारण त्या छापखान्यात सगळी वर्षं अक्षरांचे खिळे त्यानंच जुळवले होते. “छापलंय तेवढंच लिहायचं, बाबालाल. पदरचं काही नको. एकाच माणसाची दोन नावं निघाली, तर दुसऱ्या चिठ्ठीवर ‘पहा’ म्हणून पहिलं नाव लिहायचं. संपलं.”

पदरचं नको… वीस वर्षांपूर्वी घातलेलं पदरचं आता काढायचं कसं, ते मात्र नियमांत नव्हतं.

प्लेगच्या साली छावणीतल्या मृतांची यादी शुक्रवारी दुपारी छापखान्यात यायची, शनिवारी अंक निघायचा. त्या शुक्रवारी अकरा नावं होती. सहा जुळवून झाली, सातव्याचा म लागला, दि लागला — आणि हात तसाच राहिला. लोकांच्या घरी अशी बातमी घेऊन कुणी तरी येतं, दारात नुसतं उभं राहतं. त्याला ती उलट्या खिळ्यांत कळली. कालच तर तो छावणीत जाऊन आला होता, बहिणीला दोन घोट पाणी पाजून आला होता, “अम्मा आली का रे?” म्हणून तिनं विचारलं तेव्हा येतेय म्हणाला होता… आणि अम्माला सांगून ठेवलं होतं, की मदिना हुपरीला मामाकडं सुखरूप आहे. शनिवारी गल्लीतल्या बाया कट्ट्यावर जमून कुणाकडून तरी अंक वाचून घेत; सगळ्यांत पुढं अम्मा, खैरुनबी, कारण लेकानं जुळवलेला अंक.

दि काढला. म काढला. पण वर मोठ्या अक्षरांत ‘एकूण अकरा’ लागलेलं, खाली ‘आमचे आकडे बिनचूक असतात’ असा इतर पत्रांना टोमणा. संपादक प्रुफावर बोट फिरवून मेलेले मोजत; एकही कमी पडलेला त्यांना खपत नसे. जिवंत माणसाचं नाव घालावं तर पाप. म्हणून कुणाचंच नसलेलं घातलं, बयाबाई. आणि गाव हातकणंगले, कारण तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. त्या वेळी ही हुशारी वाटली होती.

पुढल्या शनिवारी सांगू, त्याच्या पुढल्या शनिवारी सांगू… आधी प्लेगानं वाटा बंद झाल्या, मग मामीचं बाळंतपण निघालं, मग मामीला दुसरा आजार द्यावा लागला. मामी बिचारी ठणठणीत होती. चार महिन्यांनी अम्मा गेली ती लेकीला बोल लावतच. “माँ को भूल गई छोकरी.” — मी काय केलं, मी मारलं नाही तिला, मी नुसतं छापलं नाही…

“नावं हुडकून देत्यात ते हितंच न्हवं?”

दारात पटकेवाला, चाळिशीतला माणूस उभा होता.

“या पावणं. कुठलं तुम्ही?”

“हातकणंगल्याचा पिराजी. माझी आत्ती पलेगात हितं छावनीत आनल्याली. परत आली न्हाई. हाय का मेली, कुनाला ठावं न्हाई. बयाबाई तिचं नाव.”

चिठ्ठी टेबलावर, उघड्या खंडाशेजारी होती. पावण्याला वाचता येत नव्हतं हे त्याच्या नजरेवरून दिसत होतं; खंड नुसता मिटला असता तरी चाललं असतं. हातकणंगल्यात बयाबाया काय थोड्या झाल्या असतील! पण बाबालालनं चिठ्ठी वाचून दाखवली — छापलंय तेवढंच.

पिराजी खाली बसला. “म्हंजे मेलीच. बरं झालं.” मग दचकून, “बरं न्हवं ओ… पर एकदाचं कळलं. संगं कोन हुतं का तिच्या?”

“आदल्या दिवशी भाऊ येऊन गेला होता,” बाबालाल म्हणाला. वीस वर्षांत प्रथमच म्हणाला. “पाणी पाजून गेला.”

“भाऊ? म्हंजे माझा बा की!” पिराजीचे डोळे मोठे झाले. “हे बी छापलंय?”

“छापलेलं नाही. मला ठाऊक आहे.”

“भनीला टाकून आला म्हून माझी म्हातारी बाला जल्मभर टोचत हुती. त्यो मरूस्तवर गप. आनि गेलता व्हय छावनीत! आता घरी जाऊन म्हातारीचं त्वांडच बंद करतो.” मग हात जोडून, “औंदा पित्राला आत्तीचं बी पान वाडतो. लई उपकार झालं.”

थांबा, म्हणायला हवं होतं. तोवर पटक्याचं टोक पायरी उतरून गेलं — आणि परत घ्यायचं तरी काय, बयाबाई की तो भाऊ? आणि भाऊ तर आला होता. पाणी तर पाजलं होतं. हातकणंगल्यात वाढलेलं पान कुणाला पोचेल…

त्यानं कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं — ‘मदिना. पहा : बयाबाई.’

दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून त्यानं ती गंजकी टाचणी आरपार टोचली. संध्याकाळी गणपतराव सगळ्या चिठ्ठ्या तपासत. विचारतील, हे कुठं छापलंय? विचारू देत. त्याचं त्याला नवल वाटलं, की भीती होती ती गणपतरावांची नव्हतीच, अम्माची होती. अम्माला वाचता येत नव्हतं. तिला वाचून दाखवावं लागे. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, तीही त्यानंच जुळवलेली. तिच्याखाली बसून त्यानं चिठ्ठी तोंडाजवळ धरली, घसा खाकरला आणि शनिवारी कट्ट्यावर वाचावी तशी, मोठ्यानं, वाचायला सुरुवात केली.

“मदिना…” आणि आज पुढचं अक्षर अडलं नाही. अडलं ते हेच, की ऐकणारी आता काय म्हणेल.