पर्समधला रोटर

"थांब! क्लाइव्ह, थांब!"

मी ओरडले तेव्हा बाबागाडीचे पुढचे चाक आमच्या गाडीच्या दिव्यापासून जेमतेम हातभर लांब होते. ब्रेक करकचून लागले. पांढऱ्या पट्ट्यांवरची तरुण आई क्षणभर थिजली, मग तिने आमच्या बॉनेटवर थाडकन हात मारला.

"डोळे फुटलेत का, आजोबा? असल्या मिरवायच्या गाडीत बसलात म्हणजे रस्ता तुमचा झाला का?"

"माफ कर गं पोरी, उन्हाने डोळे दिपले," माझा नवरा म्हणाला.

आभाळ सकाळपासून भरलेले होते.

दोन वर्षे मी क्लाइव्हचे डोळे झाले होते. "डावीकडे सायकल आहे," "पुढे ट्रॅक्टर आहे, हळू घे," असे मी गप्पांच्या ओघात बोलल्यासारखे सांगायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "दिसतंय गं, मी काय आंधळा आहे?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार, गाडी बंद करा. त्याने ते कुणाला कळू दिले नाही. मीही दिले नाही. मला गाडी चालवता येत नाही, पण त्या पापात माझा निम्मा वाटा होता.

एकदा बोलून पाहिले होते. तो आठवडाभर गॅरेजमध्ये जाऊन बसला, चहालासुद्धा आत आला नाही. पुन्हा बोलायचा मला धीर झाला नाही.

ॲबिंग्डनच्या मोटारींच्या कारखान्यात तो सोळाव्या वर्षी लागला. तिथे गाड्या पट्ट्यावरून सरकत नसत, माणसेच त्या हाताने पुढे ढकलत. महायुद्धानंतर देशाला डॉलर हवे होते, म्हणून तिथे बनलेली जवळजवळ प्रत्येक एम.जी.ए., दोन सीटांची उघडी गाडी, जहाजात चढून अमेरिकेला जायची. इथे राहिलेल्या मोजक्या गाड्यांतली एक, हिरवी, आम्ही लग्नाआधी जुनी घेतली. चर्चमधून मी तिच्यातच बसून निघाले. इतकी बुटकी, की बसल्या बसल्या रस्त्याला हात लावावा. ऐंशी साली कारखान्याला टाळे लागले, तेव्हा क्लाइव्ह घरी आला आणि दिवसभर तिला पुसत राहिला.

रविवारी आमची नात आयव्ही यायची होती. शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, "तिला एक चक्कर मारून आणतो. सात वर्षांची झाली आता."

मी लगेच विचारले, "मी येऊ बरोबर?"

"दोनच सीटा आहेत, मॉरीन. तू काय बॉनेटवर बसणार?"

दोन रात्री मला धड झोप लागली नाही. डोळे मिटले की बाबागाडीचे चाक दिसे.

आमच्या गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नाही, कुलूपही नाही. आत हात घालून तार ओढली की दार उघडते. म्हणून समुद्रावर गेलो की क्लाइव्ह बॉनेट उघडून इंजिनाला ठिणगी पोचवणारा इंचभर लांबीचा रोटर काढायचा आणि माझ्या पर्समध्ये टाकायचा. "आता खुद्द राणी आली तरी हिला पळवू शकणार नाही," म्हणायचा. रोटर नसला की इंजिन नुसते फिरते, पेट घेत नाही. तो कसा काढायचा हे त्यानेच मला हौसेने शिकवले होते.

रविवारी तो दाढी करत असताना मी गॅरेजमध्ये गेले. रोटरवरच्या झाकणाची क्लिप दोनदा निसटली, पण शेवटी रोटर निघाला आणि माझ्या पर्समध्ये गेला. चोरी केल्यासारखे वाटत होते, आणि ती चोरीच होती.

दुपारी आयव्ही डोक्याला रुमाल बांधून ऐटीत गाडीत बसली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा घर्र. गाडी सुरू होईल याची आता भीती नव्हती. त्याला कळेल याची होती.

त्याने बॉनेट उचलले. डोळ्यांचा उपयोग नव्हता, पण त्याची बोटे सगळे ओळखतात. ती थेट झाकणाशी गेली, आत शिरली आणि तिथेच थांबली.

मला बघायचे तर त्याला आता थोडे बाजूला बघावे लागते. त्याने खिडकीच्या थोडे बाजूला पाहिले.

"काय झालं, आजोबा? बिघडली का?"

"नाही गं. गाडीला काही झालेलं नाही." त्याने बॉनेट हलकेच खाली टेकवले. "आजोबांना नीट दिसत नाही आता."

तो आत आला. खुर्चीला अडकवलेली माझी पर्स चाचपून उघडली आणि गाडीची किल्ली तिच्यात टाकली.

"दोन्ही एकत्र राहू देत," म्हणाला. "चहा टाक."

मला रडू आवरेना. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग बाहेर गेला. आयव्ही एव्हाना स्टिअरिंगमागे सरकली होती. क्लाइव्हने दुसऱ्या बाजूने आत हात घालून तार ओढली आणि तो माझ्या सीटवर बसला.

"धरून बसा हं," आयव्ही स्टिअरिंग गरगर फिरवत म्हणाली. "पुढे ट्रॅक्टर आहे, आजोबा."

"बरं झालं सांगितलंस," क्लाइव्ह म्हणाला.