बेनेडिक्टचा घट्टा

बेनेडिक्टच्या तळव्याला घट्टा पडला यात नवल ते काय? आचरा गावातल्या निम्म्या माडांवर तो पायात दोरीचा फास अडकवून चढलेला. तरी त्याची बायको सेवरीना त्या दिवशी पाय दाखव म्हणून हटूनच बसली. तो चालला की ओटीवर ओलसर ठसा उमटत होता, आणि घट्ट्याला पाणी सुटत नाही एवढं तिला कळत होतं. मधुमेह झाल्यापासून नवऱ्याच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. चोरून पेढे खाऊन मिशी पुसणारा माणूस तो! दुखणंही असंच लपवत असणार, कारण दुखतंय म्हटलं की तिने त्याचं माडावर चढणं बंद केलं असतं.

मग तिने आईचा उपाय काढला, काजूच्या टरफलाचं तेल. भेगांवर, घट्ट्यांवर तिच्या माहेरी सगळे तेच लावत. कातडी नुसती निबर असेल तर कळतही नाही, पण खाली कच्चं मांस असेल तर भल्याभल्यांना आईबाप आठवतात. थेंब सोडून ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बसली. बेनेडिक्ट आपला शेजारच्या धनेशच्या नव्या होडीची गोष्ट सांगत होता. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"बघलंस? घट्टो तो," तो म्हणाला.

सेवरीनाचा जीव भांड्यात पडला. तेल पुसायला तिने फडकं दाबलं, तर निबर कातडी झाकणासारखी उचकटली. खाली लालभडक खड्डा होता, आणि तेल थेट त्यात उतरलं होतं. होडीची गोष्ट चालूच होती.

"खरां सांग, दुखना नाय?"

"नाय गो. देवाची आण."

तो खोटं बोलत नव्हता. हे कळलं आणि ती फडकं टाकून रिक्षा बघायला धावली.

रिक्षाने तिने त्याला कुडाळला नेलं. साखरेने पायाची जाणीव गेलीय, पण हाड शाबूत आहे, पाऊल वाचेल, माड मात्र बंद, असं डॉक्टर म्हणाले. निबर कातडी कापली जात असताना बेनेडिक्ट नर्सला तिचं गाव विचारत होता. सेवरीना भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"अहो, त्यांना काहीच दुखत नाहीये," नर्स समजुतीने म्हणाली.

"म्हणानच रडतंय," सेवरीना म्हणाली.