उलट्या घडीची पोळी

पडका बंगला म्हटला तर तिकडं कुत्रंही फिरकत नाही. तोच चुना फासून ‘हेरिटेज’ म्हटला, की लोक महिनाभर आधी खोली धरतात. सिव्हिल लाइन्समधला कापूस कंपनीचा बंगला असाच हॉटेल झाला. जेवायला सावजी रस्सा, पाटोडी, आणि मागच्या अंगणातल्या चुलीवरची लांब पोळी. ती करायला कोराडीहून प्रमोदिनी यायची. सैल पीठ हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचं, उलट्या मडक्यावर टाकायचं आणि भाजलं की रुमालासारखी घडी घालायची. पाहुणे मोबाइल काढून बघत राहायचे.

हे काम तिनं हट्टानं मिळवलं होतं, आणि बापाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तिची आई भागीरथा याच बंगल्यात कंपनीच्या साहेबांसाठी पोळ्या करायची. आई डावखुरी. तिची घडी उलटी पडायची, आणि आत्याला टोमण्यासाठी तेवढं पुरायचं. २००३ सालच्या तेरा मेला ती कामावर गेली ती परतलीच नाही. मुकादम म्हणाला, दुपारी बारा वाजताच निघून गेली. उरलेलं लोकांनी जोडलं, कुणाचा तरी हात धरून पळाली. तीन दिवसांवर बुद्धपौर्णिमा. खिरीचं दूध सांगून ठेवणारी बाई पळते का, हे कुणी विचारलं नाही. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! बापानं, बापूजींनी, बायकोचा फोटो उतरवला, आणि त्या घरात तिचं नाव निघेनासं झालं. आई आपल्याला टाकून गेली का, एवढंच प्रमोदिनीला हवं होतं.

कामाच्या चौथ्या दिवशी पुण्याच्या पाहुण्या अपेक्षा मॅडम म्हणाल्या, “मावशी, राग मानू नका हं, पण काल दुपारी त्या दुसऱ्या मावशींनी दिलेली पोळी जास्त मऊ होती.”

प्रमोदिनी कसंनुसं हसली. दुसरी मावशी होतीच कुठं? बारा वाजता ती स्वतः चूल झाकून पुढच्या पोर्चमध्ये डबा खायला जायची.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. मे महिन्याचं ऊन, पाहुणे एसीत गुडूप, अंगणात चिटपाखरू नाही. बारा वाजले आणि आवाज आला. थप. थप. पीठ हातांवर झेलल्याचा. आवाज कडुलिंबाखालच्या चौथऱ्याकडून येत होता. ती जवळ गेली तशी थांबला. चौथऱ्यावर एक पोळी होती, वाफा निघणारी. घडी उलटी.

तेवढ्यात मॅनेजर अंकित आला.

“साहेब, हा चौथरा काहून बांधला जी?”

“आपण नाही बांधला, ताई. खाली विहीर होती. कंपनीवाल्यांनी बुजवली, तारीख पण टाकली बघा.”

त्यानं पायानं पाचोळा सारला. सिमेंटात काडीनं कोरलं होतं, १४-५-२००३.

प्रमोदिनीनं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्याही आधी हायसं वाटलं, आणि मग रडू आलं. तिनं तिथूनच घरी फोन लावला.

“बाबा, मी त्या कापसाच्या बंगल्यात आहो.”

पलीकडचा खोकला थांबला. “काहून गेली वं तिथं?”

“आई पळाली नव्हती, बाबा. दुसऱ्याच दिवशी कंपनीवाल्यायनं इथली विहीर बुजवली. आई त्या विहिरीतच आहे. अजून पोया करून राहिली.”

बापूजी नेहमीसारखा फोन ठेवतील, असं तिला वाटलं. मग बावीस वर्षं बायकोचं नाव न घेतलेल्या त्या म्हाताऱ्यानं अगदी हळू विचारलं,

“डाव्या हातानं?”